पोनिरानच्या गाईचे वाटे

सुरात्मीचा हात गाईच्या पोटात कोपरापर्यंत गेलेला असताना तिच्याशी बोलायचं नाही, हे आमच्या वाटुलोर वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एरवी बाई मोठी सोज्वळ. मशिदीतल्या बायकांच्या बैठकीत खाली मान घालून बसणारी. पण वासरू अडलं की हिची जीभ सुटलीच. "शेपूट धर नीट! नवऱ्यामुलासारखा उभा काय राहिलास?" असं ती एकदा खुद्द वाडीच्या मुखियाला म्हणाली होती. त्यानं निमूट शेपूट धरलं. वासरू जिवंत निघालं, तेव्हा हाच मुखिया पोर झाल्यासारखा रडला.

मी रुबियाह. डोंगराच्या वळणावर माझी चहाची टपरी आहे. सगळे मला 'यु' म्हणतात, म्हणजे ताई. प्रेमानं म्हणतात की माझ्या तोंडाला भिऊन, ते त्यांनाच विचारा. सुरात्मी रोज सकाळी माझ्याकडे चहा प्यायची. मागे औषधांची पेटी बांधलेली तिची ती खटारा मोटरसायकल चढावर कण्हायला लागली की मी पाणी उकळायला ठेवायची. त्यामुळं तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला नाही तर कुणाला?

ती आमची मान्त्री. गुरांच्या दवाखान्यातर्फे वाड्यावस्त्यांवर फिरून औषधपाणी करणाऱ्यांना आमच्याकडे मान्त्री म्हणतात. मोठे डॉक्टर खाली शहरात. आमच्या चुनखडीच्या डोंगरात ते यायचे म्हणजे आधी कळवायचं, मग वाट बघायची, तोवर गाय मरायची. म्हणून सुरात्मी. पोट फुगलेल्या बैलाच्या डाव्या कुशीत ती पोकळ सुई अशी खुपसायची की सुटलेल्या हवेच्या आवाजानं अंगणातल्या कोंबड्या पळायच्या. माणूस आजारी पडलं तर आम्ही आधी आल्याचं पाणी पितो, मग देवाचं नाव घेतो, मग जमलं तर दवाखाना. गाय आजारी पडली की मात्र पहिली सुरात्मीच. तिचा नवरा नूडल्सची गाडी लावायला म्हणून जकार्ताला गेला तो तिकडचाच झाला. घरात ती आणि तिची म्हातारी आई, म्बाह तुमिनाह, म्हणजे तुमिनाह आजी. तोंडात दात नाही, पण जीभ अशी चटोर की विचारू नका.

आता ब्रांडूचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडे कुणाची गाय आजारी पडली आणि औषधानं उठेना, तर तिचा प्राण जायच्या आत शेजारपाजारचे बांबू ठोकून माणसं गोळा करतात. पाक सामिजो, म्हणजे सामिजोदादा, देवाचं नाव घेऊन सुरी फिरवतो. मांसाचे सारखे वाटे करतात, सागाच्या पानात बांधतात, प्रत्येक घर एक पुडकं नेतं आणि जमेल ते त्या मालकाच्या हातात ठेवतं. त्यातून त्याच्या दारात पुन्हा वासरू उभं राहतं. हे काही मांस विकत घेणं नव्हे. पुडकं नको म्हणणं म्हणजे त्या घराचं दुःख नको म्हणणं. माझ्या सासूच्या वेळेपासून हे असंच चालत आलंय, आणि खरं सांगते, या दगडाळ मुलखात आम्ही एकमेकांच्या जिवावर जगलो ते असे.

सुरात्मी यात होतीच. तिच्या हातानं जे उठायचं नाही, त्याची वेळ चुकू नये हेही ती बघायची. सुया टोचून झाल्या, हात धुतले, की म्हणायची, "आता तुमचं तुम्ही बघा." एवढंच. यापुढं औषधाची आशा धरू नका, सामिजोला बोलवा, असा त्याचा अर्थ. मालक रडायचा, पण त्याचा संसार उघड्यावर पडायचा नाही. सामिजो तिला बु, म्हणजे बाई, म्हणायचा आणि चिडवायचा, "बु मान्त्री, सुई तुमची, सुरी माझी. गाय एकच, आपण दोघं भागीदार!"

त्या वर्षी उन्हाळा लांबला. गवत संपलं. माणसं पार खाली कोरड्या नदीच्या पात्रात जाऊन गवताची थोटकं मुळासकट, मातीसकट उपटून आणत होती. पोनिरानही आणायचा. हा पोनिरान म्हणजे अबोल, सरळ माणूस. बायको लास्त्री आणि एक गाभण गाय, एवढाच त्याचा पसारा. ती गाय एका सकाळी गोठ्यात थरथरायला लागली.

मी तिथं होते, लास्त्रीला थर्मासमधून चहा घेऊन गेले होते. गाईचं अंग भट्टीसारखं तापलेलं. सुरात्मीनं ताप बघितला, डोळे बघितले, कानामागच्या गोचिडी बघितल्या आणि म्हणाली, "गोचीड-ताप असावा. वरून हे ऊन." तिनं दोन सुया टोचल्या. गाय मागच्या पायांवर बसली ती उठेना. पोनिरान तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"बु, पोटातलं तरी वाचेल का?" त्यानं विचारलं.

सुरात्मीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाक, खोटी आशा देत नाही. दुपारपर्यंत उठली तर उठली. नाहीतर आता तुमचं तुम्ही बघा."

वाटेत आणखी दोन गोठे करून आम्ही दोघी टपरीवर आलो. तिनं चहाचा पहिला घोट घेतला असेल नसेल, तोच पलीकडच्या न्गेलो वाडीचा एक माणूस मोटरसायकलवरून आला. त्याच्या दोन शेळ्या काल संध्याकाळी चांगल्या चरत होत्या आणि सकाळी गोठ्यात ताठ होऊन पडल्या होत्या.

"नाकातून रक्त?" सुरात्मीनं विचारलं.

"हो बु. मागूनही."

"गोठलं होतं?"

"कुठलं गोठतंय! काळं, पातळ, नुसतं वाहतंय."

"गवत कुठून आणलंस?"

"सगळे आणतात तिथूनच. नदीतून."

सुरात्मीच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. पेला तिनं बाकावर ठेवला तो कलंडला. आणि तेवढ्यात वरून, पोनिरानच्या घराकडून, बांबू ठोकल्याचा आवाज आला. टक टक टक टक. तिनं गाडी वळवली, मी काही न विचारता मागे बसले. चढावर गाडी दोनदा बंद पडली, आणि ती तिला अशा शिव्या घालत होती की मी कानावर हात ठेवले असते, पण हात सोडले तर मी पडले असते.

गाय दुपारपर्यंतही टिकेना, म्हणून आम्ही पोचलो तेव्हा सुरी फिरून गेली होती. गाय कुशीवर पडली होती, आणि सामिजोच्या पायाशी रक्ताचा लोट वाहत होता. काळा. डांबरासारखा काळा. बराच वेळ झाला तरी त्यावर साय धरत नव्हती. सुरात्मी वाकून नुसती बघत राहिली.

"हात लावू नका!" ती किंचाळली. "कुणी हात लावू नका! सामिजो, सुरी खाली ठेव!"

सगळं अंगण हसलं. त्यांना वाटलं, बाई थट्टा करतेय. सागाची पानं पुसून तयार होती, कामट्या सोलून ठेवल्या होत्या, बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या.

"ही काळपुळी आहे," ती म्हणाली. "नदीतल्या मातीतून, गवताबरोबर गाईला होते, गाईकडून माणसाला. कापताना होते, खाल्ल्यावर होते. ही गाय उघडायची नाही. आहे तशी पुरायची."

सामिजो सुरी पुसत म्हणाला, "बु मान्त्री, सकाळी गोचीड-ताप होता. दोन तासांत काळपुळी कशी काय झाली?"

"चुकले मी सकाळी."

"मग आत्ताही चुकत असाल." लोक पुन्हा हसले. "आणि हा रोग तुम्ही बघितलाय कधी? स्वतःच्या डोळ्यांनी?"

"चित्रात बघितलाय. शिकवताना दाखवलाय."

"घ्या! चित्रातला रोग आमच्या गाईला!" सामिजोचा आवाज मग चढला. "देवाचं नाव घेऊन कापलीय मी. हलाल मांस मातीत घालायचं? त्यापेक्षा मोठं पाप कुठलं? आणि हा पोनिरान काय माती विकून वासरू आणणार आहे?"

हा शेवटचा प्रश्न खरा होता, आणि सगळ्यांच्या पोटात तोच होता. त्यात लोभ नव्हता बरं का. लोभ असता तर सुरात्मीला सोपं गेलं असतं, तिनं चार शिव्या हासडल्या असत्या. पण ही माणसं पोनिरानला उचलून धरायला आली होती. तिनं सामिजोकडे पाठ केली आणि ती पोनिरानसमोर मातीतच बसली. ब्रांडूत शेवटचा शब्द मालकाचा.

"पाक," ती म्हणाली, "तुमच्या या गाईचा जन्म माझ्या हातावर झाला. मी तुमचं वाईट चिंतेन का? नको म्हणा. तुम्ही एकदा नको म्हणा."

पोनिराननं बायकोकडे बघितलं, गाईकडे बघितलं. मग म्हणाला, "बु सांगतात तर नको."

झालं. टोपल्या रिकाम्या परत गेल्या. जाताना कुणी कुणी सुरात्मीला ऐकू जाईल असं बोललं. "सरकारी पगार असला की दुसऱ्याची गाय मातीत घालायला काय जातंय!" ही माझी सख्खी जाऊ. मी तिला तिथंच झापलं असतं, पण हातात पहार होती. कारण सांगते. सुरी घेऊन यायला सगळं गाव होतं, खड्डा खणायला सुरात्मी, मी, पोनिरान, लास्त्री आणि मुखिया. आमच्याकडे हातभर मातीखाली दगड लागतो. पहार मारली की ठिणगी उडायची. कसाबसा खड्डा झाला, गाय त्यात ढकलली, भट्टीवरून चुन्याची पोती आणून ओतली, वर माती लोटली. खड्डा उथळ होता. सुरात्मी सारखी म्हणत होती, अजून खोल हवा, अजून खोल. पण कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. रक्ताची एक बाटली तिनं तपासणीला शहरात पाठवली आणि ज्यांनी ज्यांनी गाईला हात लावला त्यांना साबणानं घासून घासून आंघोळ करायला लावली. सामिजोनं केली, पण कुरकुरत.

दुपार टळल्यावर ती माझ्याकडे आली ती रडवेली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं.

"यु, मी त्याला भिकेला लावलं."

"तू गावाला वाचवलंस, बये."

"ते आहेच गं. पण त्याच्या गोठ्यात उद्या काय बांधायचं? वरून भरपाईचं काही ठरेपर्यंत तो काय खाईल?" नेसलेल्या सारोंगच्या टोकानं तिनं डोळे पुसले आणि उठली. "ब्रांडू होणार. मांस नाही, पण ब्रांडू होणार."

आणि बाई खरंच दारोदार फिरली. काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. "मांस नाही मिळायचं. त्याचं दुःख तेवढं वाटून घ्या." सुरुवात तिनं स्वतःपासून केली. तिच्याकडे एकच दुभती शेळी होती, लांब कानांची, आईच्या दुधासाठी पाळलेली. ती सोडून तिनं पोनिरानच्या गोठ्यात नेऊन बांधली. ते बघून मुखियानं करडू दिलं, मी वाळवलेल्या कसाव्याचं पोतं दिलं. कुणी पैसे, कुणी कोंबडी. काहींनी दार लावून घेतलं, माझ्या जावेनं तर आधी दिवा घालवला. पण बऱ्याच जणांनी दिलं. सामिजोनंसुद्धा दिलं, तोंड वाकडं करून का होईना. मला त्या संध्याकाळी आमच्या वाडीचा एवढा अभिमान वाटला की मी सुरात्मीला म्हटलं, "बाई, तू नुसती गाईची डॉक्टर नाहीस."

पोनिरान मात्र दारात उभा राहून नुसता हात जोडत होता. "नको, बु. मी कुणाला काहीच दिलं नाही. वाटा दिल्याशिवाय कसं घेऊ?"

"घ्या हो. शेजार कशाला असतो?"

"शेजार खरा. पण आजवर आमच्या घरानं कुणाचं फुकट घेतलं नाही, बु." तो शेळीकडे बघत होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लाजेनं. सुरात्मीला वाटलं, भिडस्त माणूस आहे, होईल सवय. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज झाली, उजाडलं, मी टपरीची फळी काढायला गेले तर कडीला सागाच्या पानाचं पुडकं लटकत होतं. कामटीनं नीट बांधलेलं. मी खूष! म्हटलं, कुणाची तरी शेळी पडली वाटतं, आणि आम्हाला बांबूचा आवाजही आला नाही. पुडकं घेऊन सरळ सामिजोकडे गेले. तो अंगणात उभा होता आणि त्याच्याही हातात तसंच पुडकं होतं.

"काय पडलं रे?" मी विचारलं.

"मी कुठं काय कापलंय, यु? माझी सुरी कालपासून खुंटीवर आहे."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. मग दोघंही धावत सुटलो. पोनिरानच्या घरामागं खड्डा उघडा होता. चुना चहूकडं उधळलेला आणि त्यात एकाच माणसाची पावलं. आत गाय होती, पण दोन्ही मांड्या आणि पाठ कापून नेलेली. गोठ्यात सुरात्मीची शेळी शांत रवंथ करत होती. लास्त्री चुलीपुढं बसली होती, तोंडात सारोंगचा बोळा घालून.

"म्हणाला, सगळ्यांना सारखा वाटा पोचवला," ती हुंदके देत म्हणाली. "म्हणाला, चुना लागलेलं काढून टाकलं, आतलं मांस स्वच्छ आहे, शिजवलं की काही राहत नाही. म्हणाला, आता मला मान वर करता येईल. आणि बुंना तोंड कसं दाखवू म्हणून डोंगरापलीकडं बहिणीकडं निघून गेला."

ज्यांनी दिलं होतं त्या प्रत्येकाच्या दारात त्यानं वाटा टांगला होता. ज्यांनी दार लावून घेतलं त्यांच्या दारात काही नव्हतं. माझी जाऊ सुखरूप! असा संताप आला मला, कुणावर काढावा कळेना.

सामिजोचं तोंड पांढरं पडलं होतं. कालचा तो छाती काढून बोलणारा माणूस, सारोंग गुडघ्यापर्यंत खोचून दारोदार पळत सुटला. "खाऊ नका! टाका ते! शिजवू नका!" सुरात्मी तांबडं फुटायच्या आधीच लांबच्या वाडीत वासरू अडलं म्हणून गेली होती. मी फोनवर फोन केले. हात गाईच्या पोटात असला की ती फोन घेत नाही. घेतला तेव्हा मी काय बोलले मला आठवत नाही, पण ती एकच शब्द बोलली, "निघाले."

आल्या आल्या ती घराघरांत शिरली. चुलीवरची भांडी फडक्यानं उचलून बाहेर काढली, पुडकी पोत्यात भरली. कुणी खोटं बोललं की आम्हाला मिळालंच नाही, तर ती तशीच उभी राहून म्हणायची, "मी ओरडणार नाही. फक्त दे." आणि लोक देत होते. काहींनी सकाळीच कसाव्याच्या पिठाच्या थिवुलबरोबर दोन घास खाल्ले होते. त्यांची नावं ती मुखियाला सांगत होती, आधी यांना दवाखान्यात न्या, गाडी बोलवा, गोळ्या सुरू होऊ देत. सगळी वाडी पालथी घालून झाली. दोन पोती भरली. सामिजोनं खड्डा पुन्हा खणायला घेतला होता, आणि आता बाकीचे पुरुष पहारी घेऊन आले होते.

"संपलं ना?" मी म्हटलं.

"संपलं," ती म्हणाली. आणि मग तिचा चेहरा बदलला. "यु, सगळ्यात मोठं देणं कुणाचं होतं?"

ती पळाली. मी मागं.

म्बाह तुमिनाह ओट्यावर उन्हात बसली होती. घरभर गुळाचा, धण्याचा आणि नारळाच्या दुधाचा वास. "आलीस का, नदुक?" म्हातारी अजून लेकीला नदुक, म्हणजे पोरी, असंच म्हणायची. "बघ तरी दारात काय टांगलं होतं कुणी! किती दिवसांनी गं! माझ्या हिरड्यांना लागू नये म्हणून मी पार मेणासारखं शिजवलं."

"आई, किती खाल्लंस?"

"ओरडू नकोस. तुझ्यासाठी ठेवलंय झाकून."

सुरात्मी ओरडली नाही. तिनं आईचं तोंड धुतलं, हात धुतले, तिला पाठुंगळी घेतली आणि गाडीपर्यंत आणलं. म्हातारी सारखी म्हणत होती, अगं, मला झालंय काय? ते झाकलेलं वाडगं मीच नेऊन खड्ड्यात टाकलं.

गोळ्या सगळ्यांना वेळेवर मिळाल्या. सामिजोच्या मनगटावर काळी पुळी उठली, ती बरी झाली. ज्यांनी दोन घास खाल्ले होते ते पोट धरून आठवडाभर लोळले आणि वाचले. म्बाह तुमिनाह वाचली नाही. म्हातारं शरीर, आणि तिनं पोटभर खाल्लं होतं. डॉक्टरांनी खूप केलं. आम्ही तिला सागाच्या बनाखालच्या दफनभूमीत ठेवलं, तेव्हा सुरात्मीनं कबरीवरचे दगड उचलायलाही कुणाला पुढं येऊ दिलं नाही. त्याच दिवशी शहरातून निरोप आला, बाटलीतल्या रक्तात काळपुळीच होती.

ती रडली नाही. मला तिचं भय वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी लास्त्रीचा निरोप आला. पोनिरान बहिणीच्या मळ्यातल्या झोपडीत तापानं फणफणलेला सापडला होता, आता मोठ्या दवाखान्यात होता. खणताना दगडानं त्याची बोटं सोलली होती आणि तिथूनच ते विष शिरलं होतं. सुरात्मीनं मोटरसायकल काढली.

"मी येते," मी म्हटलं.

"ये. मला त्याला विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"मी सांगितलं होतं ना त्याला? सांगितलं होतं ना!" ती गाडी सुरू करत एवढं ओरडली की टपरीवरचे दोघे उठून उभे राहिले. "माझी आई होती ती, यु! त्याला मी विचारणारच!"

मी तिला अडवलं नाही. तिच्या जागी मी असते तर त्याचा गळा धरला असता. सबंध उताराभर मी मागे बसून मनात तेच म्हणत होते की विचार, चांगलं विचार.

लास्त्री दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटली. तिनं सुरात्मीचे पाय धरले. "त्याला अजून काही ठाऊक नाही, बु. तो तिकडं गेला तेव्हापासून शुद्धीतच नव्हता धड. वाडीत काय झालं ते मी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र निघते की नाही सांगता येत नाही." सुरात्मीनं तिला उठवलं आणि आत गेली.

पोनिरानचा उजवा हात कोपरापर्यंत काळानिळा सुजला होता. चेहरा ओळखू येत नव्हता. त्यानं डोळे उघडले, तिला बघितलं आणि उठायची धडपड केली. मी सुरात्मीकडे बघत होते. तिच्या मुठी वळलेल्या होत्या.

"बु," तो पुटपुटला, "रागावू नका. तुमचं ऐकलं नाही मी."

ती खाटेपाशी सरकली.

"ती शेळी दारात बघवेना मला. दुसऱ्याचं दूध काढायचं, आणि आपण काही द्यायचं नाही..." त्याला धाप लागली. "म्हणून सगळ्यांना वाटा दिला. तुमचा सगळ्यात चांगला. मांडीचा. आधी तुमच्याच दारात टांगला, मग दुसऱ्यांच्या."

मला वाटलं, आता सुरात्मी फुटणार.

"म्बाहला दात नाहीत," तो म्हणाला, "म्हणून कोवळा बघून दिला. त्यांनी खाल्ला का हो, बु? आवडला?"

सुरात्मी खाली वाकली. जनावराच्या कपाळावर ठेवायची तसा तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"हो, पाक," ती म्हणाली. "बोटं चाटून खाल्ला आईनं."

"मग फिटलं," पोनिरान म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.